मोजपट्टीच्या तेवीस स्क्रीन

धुलाई कारखान्यात त्यांना सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे किती, तर जेमतेम चार पावलं, त्यामुळे त्यांना ते ऐकू जायचंच. राग मात्र त्यांनी कधी धरला नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी घेऊन फिरणाऱ्या माणसाला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय?

कारखाना साधासुधा नव्हता. पाच इस्पितळांचे कपडे तिथे यायचे. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, बाळांची दुपटी. एका दाराने मळकी गाठोडी आत, दुसऱ्या दाराने घड्या बाहेर, आणि मधे नुसती वाफ आणि गडगडाट. कुठून काय आलं आणि कुठे काय परत जायचं, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम मोजपट्टींनी लिहिला होता, अठरा वर्षांपूर्वी, एकट्याने. कॉम्प्युटर विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, तिथली खुर्ची आणि खुर्चीत हे.

त्यांची कामाची पद्धत बघून कोणीही कपाळावर हात मारून घेतला असता. आजकाल लोक स्क्रीनवरचं बटण माउसने उचलतात, हवं तिथे ठेवतात आणि मोकळे होतात. मोजपट्टी आधी आलेखाचा कागद घ्यायचे. त्यावर पेन्सिलीने स्क्रीन काढायची, हे बटण, ती चौकट, खाली बेरीज. मग पट्टी लावून घरं मोजायची. डावीकडून बारा घरं, वरून आठ, रुंदी वीस. ते आकडे प्रोग्रामात टंकायचे आणि चालवून बघायचं. एक बटण दुसऱ्यावर अर्धं चढलं की खोडरबर घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा तेवीस स्क्रीन त्यांनी केल्या होत्या आणि अठरा वर्षांत एकदाही चूक निघाली नव्हती. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. "मशीन चुकेल, मी नाही," असं ते चहाच्या वेळी खुशाल बोलून जायचे. लोक हसायचे, पण खोटं आहे असं कोणी म्हणायचं नाही.

आणखी एक हट्ट होता. एकदा ठेवलेलं बटण हलवायचं नाही. मॅनेजरसाहेब दरवर्षी म्हणायचे, जरा नवं रूप द्या हो, रंग बदला, बटणं इकडची तिकडे करा. मोजपट्टी रंग बदलून द्यायचे, पण बटण एक घरसुद्धा सरकवायचे नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा अडेल आहे. म्हणोत बापडे. खरं कारण दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्या दोघांनीही ते कधी एकमेकांजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

ते कारण म्हणजे मावशी.

मावशी आवक काउंटरवर बसायच्या. आधी त्या आतल्या ओल्या हॉलमध्ये भिजलेली ओझी उचलायच्या, पण गुडघे गेले. तेवढ्यात काउंटरवरची बाई आठ दिवसांच्या रजेवर गेली म्हणून मावशींना तिथे बसवलं. ती बाई परत आलीच नाही, मावशी तिथेच राहिल्या. खरं तर काउंटरला शाळेचा दाखला लागतो असा नियम होता, पण बदलीवर बसलेल्या माणसाला दाखला कोण विचारतो! कामात मात्र बाई वाघीण होत्या. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी चादर कुठल्या इस्पितळाची ते सांगायच्या. गाठोडं उघडलं, मोजलं, बटण दाबलं, आकडा टाकला, पुढचं घ्या. आकडे त्यांना येत होते.

अक्षरं येत नव्हती.

हे मोजपट्टींना कळलं ते मावशींच्या दुसऱ्याच आठवड्यात. त्यांनी हौसेने दोन बटणांची अदलाबदल केली होती आणि कसं चालतंय ते बघायला मागे उभे राहिले होते. मावशींनी बटण दाबलं, भलतंच उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग त्यांचं बोट हवेतच थांबलं. "साहेब," त्या मान न वळवता म्हणाल्या, "आज चष्मा घरी विसरले बघा." मोजपट्टींनी त्यांना कधीच चष्म्यात पाहिलं नव्हतं. ते जिन्याखाली गेले, बटणं होती तिथे ठेवली आणि परत येऊन म्हणाले, "मावशी, मशीन बिघडलं होतं. आता सगळं जागेवर आहे."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या.

झालं, एवढंच. त्यानंतर अठरा वर्षं या विषयावर चकार शब्द नाही. मोजपट्टींनी प्रोग्रामात त्या बटणांच्या आकड्यांवर स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली, 'हलवू नये', आणि खाली तारीख टाकली. अशा ओळी मशीन वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात.

अठरा वर्षांनी काउंटरचा जुना मॉनिटर एका सकाळी फट्‌ झाला आणि बंद पडला. नवा आणला तो जुन्यासारखाच बोटाने चालणारा, पण चांगला ऐसपैस. त्यावर मोजपट्टींची स्क्रीन कोपऱ्यात एवढीशी दिसायला लागली. मॅनेजरसाहेब मनाने वाईट नव्हते, पण घाईचे होते. त्यांनी एका कंपनीच्या माणसाला बोलावून तयार प्रोग्राम दाखवायला लावला. त्यात बटणं नव्हतीच. लांबलचक यादी, ती वाचायची, नावाची पहिली अक्षरं टंकायची, मग आणखी एक यादी. "महिनाभरात तुमच्या स्क्रीन या मॉनिटरवर नीट बसवा," साहेब मोजपट्टींना म्हणाले, "नाहीतर हा घेऊ. तुम्हीही आता निवृत्तच होणार आहात."

मावशी गाठोडं मोजताना ऐकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पण ते एक गाठोडं त्यांनी तीनदा मोजलं, हे मोजपट्टींनी पाहिलं. यादी आली की मावशी अर्धा तास टिकणार नाहीत. मग एक तर पुन्हा ओला हॉल, त्या गुडघ्यांनी, नाहीतर सरळ घर.

तेवीस स्क्रीन आलेखाच्या कागदावर पुन्हा काढायच्या म्हणजे तीन महिने. हातात एक. त्या संध्याकाळी घरी त्यांनी बिनसाखरेचा चहा अख्खा पिऊन टाकला आणि त्यांना कळलंही नाही. लक्ष आहे का बघायला बायकोने मुद्दामच साखर घातली नव्हती, ती आत गेली आणि सुनेला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याचं काहीतरी बिनसलंय. तू विचार, मला सांगणार नाहीत."

सूनबाई एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, घरूनच काम करायची. तिचं आणि सासऱ्यांचं भारी जमायचं, म्हणजे दिवसातून दोनदा वाद व्हायचा.

"बाबा, तुम्ही अजून घरं मोजता?" नव्या मॉनिटरचं आणि मुदतीचं ऐकून ती म्हणाली. "अहो, तुम्ही ज्यात प्रोग्राम लिहिता ना, त्यातच स्क्रीन काढायचं साधन बसवता येतं. फुकट आहे. रविवारी बसवू."

"आणि ते माझे आकडे बिघडवणार."

"काही बिघडवत नाही हो!"

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मोजपट्टी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. सुनेने वरच्या यादीतून नवीन साधन बसवायचा पर्याय काढला, इंटरनेटवरचा पत्ता चिकटवला, खूप वेळ काहीतरी गोल गोल फिरलं आणि शेवटी लाल अक्षरांत नकार आला. मोजपट्टींची आवृत्ती फार जुनी होती.

"हे बघ, म्हटलं नव्हतं मी?" मोजपट्टी म्हणाले, आणि आवाजात थोडा आनंद होता.

"बाबा, तुम्ही शेवटचं अपडेट कधी केलंत?"

"चालणाऱ्या गोष्टीला हात कशाला लावायचा?"

मग आधी नवी आवृत्ती उतरवली, जुनी तशीच बाजूला ठेवून. पुन्हा पत्ता. या वेळी यादी आली, तिच्यातल्या ओळींपुढे खुणा करायच्या होत्या. मोजपट्टी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचू लागले. मग अटींचं पान आलं, ते त्यांनी खरोखरच पूर्ण वाचलं. त्यांनी वाचून संपवेपर्यंत सुनेची भाजी निवडून झाली. जगात ते पान वाचणारे बहुधा हे एकटेच. मग इशारा आला की या साधनावर बनवणाऱ्याची सही नाही, तरी पुढे जायचं का. मोजपट्टींनी हात मागे घेतला. "बिनसहीचं मी घेत नाही." सुनेने त्यांच्या खांद्यावरून हात घालून 'हो' दाबलं. बंद करून पुन्हा सुरू करा, असं आलं. तेही केलं.

आणि मग आवक काउंटरची स्क्रीन उघडली. खाली दोन कप्पे आले होते, एक लिहिलेल्या मजकुराचा, दुसरा चित्राचा. सुनेने दुसरा दाबला. न चालवता, न काही करता, अख्खी स्क्रीन समोर उभी राहिली, बटणांसकट. मोजपट्टींनी खिशातली पट्टी काढून लॅपटॉपच्या स्क्रीनला लावली. मग आतून आलेखाचा कागद आणला, पिवळा पडलेला. घरांशी घरं जुळली. त्यांनी एक चौकट माउसने धरून मोठी केली, आणि मजकुराच्या कप्प्यात पाहिलं तर आकडे आपोआप बदललेले! "अरेच्चा!" ते म्हणाले. मग आणखी एक मोठी केली. पुन्हा आकडे बघितले. बायको दारातून बघत होती, ती म्हणाली, "आता यांना जेवायला कोण उठवणार?"

दुपारपर्यंत त्यांनी सगळी बटणं मोठी केली, पण जागेचा हिशेब सांभाळून. वरचं वर, कोपऱ्यातलं कोपऱ्यात. चालवून तपासलं, काडीचा फरक नव्हता. मग खूप दिवसांनी पोटभर जेवले आणि आडवे झाले.

ते झोपलेले असताना सुनेने पुन्हा एकदा स्क्रीन पाहिली. काय अवतार आहे, तिला वाटलं. गाऊन एका टोकाला, ऑपरेशनच्या चादरी दुसऱ्या टोकाला, मधे अभ्रे. कशाला काही मेळ नाही. बाबांनी एवढी मेहनत केली आणि मॅनेजर बघून नाक मुरडणार. तिने गाऊनचं बटण उचलून चादरींशेजारी ठेवलं, तिथल्या अभ्र्यांचं गाऊनच्या जागी, मग 'ओळीत लाव' दाबलं. दाबल्यावर बरोबर तेच नोंदलं जातंय ना, हे तिने दोनदा तपासलं. पोर कामाची पक्की होती. पण हे सगळं तिने चित्राच्या कप्प्यात केलं. 'हलवू नये' ही ओळ मजकुराच्या कप्प्यात होती, आणि चित्रात ती दिसत नाही.

सोमवारी मोजपट्टींनी ती स्क्रीन काउंटरवर चढवली. रंग लखलखीत, बटणं तळहाताएवढी. मावशी खुर्चीत बसल्या, स्क्रीनकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, सगळं जागेवर आहे ना?"

"जागेवर आहे, मावशी," मोजपट्टी म्हणाले आणि जिन्याखाली बाकीच्या बावीस स्क्रीन करायला गेले. शब्द दिला आणि गेले.

मंगळवारी सकाळी इस्पितळातून फोन आला. सोमवारी एकशे ऐंशी गाऊन धुवायला पाठवले होते, परत आले साठ. ऑपरेशन दोन तास थांबलंय. मोजपट्टी काउंटरवर धावत आले, स्क्रीनकडे पाहिलं, तर बटणं हललेली. साठ अभ्रे गाऊन म्हणून नोंदले होते, एकशे ऐंशी गाऊन अभ्रे म्हणून, आणि परत पाठवणी नोंद बघूनच व्हायची. मावशींनी अठरा वर्षं जिथे दाबलं तिथेच दाबलं होतं.

साहेबांनी दोघांनाही खोलीत बोलावलं. सूनबाई त्या दिवशी रजा काढून मदतीला आली होती, तीही दारात येऊन उभी राहिली.

"एवढ्या मोठ्या अक्षरांत बटणावर लिहिलंय!" साहेब मावशींवर कडाडले. "गाऊन म्हणजे गाऊन, अभ्रे म्हणजे अभ्रे! वाचता येत नाही का?"

असं आपण रागाच्या भरात कोणालाही म्हणतो. साहेबांच्या मनात तसं काही नव्हतं. पण मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी टेबलाची कड धरली. 

"साहेब, चूक माझी आहे," मोजपट्टी म्हणाले.

"तुमची?"

"बटणावर नाव एक आणि दाबलं की नोंद दुसरीच. माझ्या प्रोग्राममधली चूक. मावशींनी बरोबरच दाबलं होतं."

"तुम्ही तपासलं नाहीत?"

"नाही तपासलं."

खोलीबाहेर घड्या घालणाऱ्या बायका उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मशीन चुकेल मी नाही म्हणणारा माणूस मान खाली घालून उभा होता. साहेबांनी लेखी मागितलं. मोजपट्टींनी तिथेच बसून, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

सूनबाई दारात हादरून गेली होती. तिने स्वतः दोनदा तपासलं होतं. नाव आणि नोंद जुळत होती. बाबा धडधडीत खोटं बोलत होते, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध. ती जिन्याखालच्या खोलीत गेली, मजकुराचा कप्पा उघडला आणि त्या ओळीवर येऊन थांबली. तारीख अठरा वर्षांपूर्वीची.

मोजपट्टी मागून आले तेव्हा ती रडत होती.

"बाबा, त्यांना वाचता येत नाही, हो ना?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"माझ्यामुळे झालं हे सगळं. मला सांगायचं तरी होतंत!"

"कोणाची गोष्ट कोणी कोणाला सांगायची?" मोजपट्टी म्हणाले. मग त्यांनाच तिची दया आली. "अगं, तू ओळीत लावलंस, त्यात काय गुन्हा केलास? डोळे पूस. बटणं परत ठेवू."

पण बटणं त्यांनी ठेवली नाहीत. कल्पना सुनेचीच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने काउंटरचा नवा मॉनिटर तेवढ्यापुरता जिन्याखाली आणवला, मावशींना त्याच्यासमोर बसवलं आणि चित्राचा कप्पा उघडून दिला. "मावशी, बोटाने धरा आणि तुम्हाला हवं तिथे ठेवा. तुम्ही ठेवाल तेच कायम."

मावशींनी आधी मोजपट्टींकडे पाहिलं. ते उगाच छताकडे बघत होते. मग मावशींनी दुपट्यांचं बटण धरून सरळ खाली ओढलं. "किती वर्षं झाली, खांदा दुखतो माझा वर हात करून," त्या म्हणाल्या. "दिवसाला तीनशे दुपटी येतात!"

"मग बोलायचं नाही का?" मोजपट्टी उखडले.

"तुम्ही हलवू देता होय कोणाला काही!"

सून इतकी हसली की खुर्चीवरून पडायची राहिली. सून एकेक बटण कशाचं ते सांगत गेली आणि अर्ध्या तासात मावशींनी अख्खी स्क्रीन आपल्या हाताला येईल तशी मांडली. मोजपट्टींनी बाकीच्या बावीस तशाच केल्या, महिना संपायच्या चार दिवस आधी. यादीवाल्या कंपनीला साहेबांनी नको म्हणून कळवलं.

दोन महिन्यांनी मोजपट्टी निवृत्त झाले. घड्यांच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, हार आला, बायको आणि सून पहिल्या रांगेत बसल्या. साहेब मनापासून बोलले, उगाच कशाला नावं ठेवायची. शेवटी म्हणाले, "अठरा वर्षांत यांची फक्त एक चूक झाली, आणि तीही यांनी स्वतःहून कबूल केली. असा माणूस मिळणार नाही." टाळ्या पडल्या. मोजपट्टी हसले, पण त्या 'एक'ला त्यांचा चेहरा जरासा उतरला. त्यांना लागलंच ते. कोणालाही लागेल.

टाळ्या थांबायच्या आत मागून आवाज आला. "ती चूक यांची नव्हती."

मावशी उभ्या होत्या, खुर्चीच्या पाठीला धरून.

"मावशी, बसा खाली," मोजपट्टी घाईघाईने म्हणाले.

"नाही बसत. बटणं हलली होती, नावं बरोबर होती. मी चुकीचं दाबलं. मला वाचता येत नाही साहेब. कधीच येत नव्हतं."

"मग अठरा वर्षं तुम्ही ती स्क्रीन वाचत कशी होतात?" साहेबांनी विचारलं.

"वाचायची कशाला?" मावशी म्हणाल्या. "यांनी जिथं ठेवलं, तिथं ते असायचं." त्यांची मान ताठ होती. "उद्या सातला काउंटर उघडायचंय. दुसरं कोणी बसवायचं असेल तर आत्ता सांगा, म्हणजे मी येत नाही."

साहेबांनी मोजपट्टींकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, घसा खाकरला. "सातला या," ते म्हणाले.

मावशी खाली बसल्या. मोजपट्टी माइकसमोर उभे राहिले, त्यांना सगळ्यांचे आभार मानायचे होते, पण त्यांनी चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.